आधी उंदीर, मग पद्मभूषण : प्रस्तावना

डॉ. कमल रणदिवे यांच्यावर मराठीत जे काही लिहिले जाते, त्यात पद्मभूषण पहिल्या परिच्छेदात येते आणि उंदीर आलेच तर शेवटच्या. या पुस्तकात क्रम उलटा ठेवला आहे. पद्मभूषण १९८२ सालचे. तोवर बाईंनी साठी ओलांडली होती आणि प्रयोगशाळेतले त्यांचे बहुतेक काम होऊन गेले होते. ते काम नेमके काय होते, असे विचारले की चांगली वाचणारी माणसेही ‘कॅन्सरवर संशोधन केले’ एवढे बोलून थांबतात. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी, त्यांच्या १०४व्या जन्मदिनी, गूगलने त्यांचे चित्र आपल्या पहिल्या पानावर लावले. दिवसभर ते मोबाइलवरून फिरले. दुसऱ्या दिवशी पुन्हा सामसूम.

शास्त्रज्ञाची कारकीर्द वाचायची ती त्याने धरून ठेवलेल्या प्रश्नांवरून. रणदिवेबाईंचे प्रश्न मोजकेच होते. एकाच अन्नावर, एकाच छपराखाली वाढलेल्या दोन जीवांपैकी एकालाच हा रोग का होतो? आपल्या लोकांच्या तोंडात जे जाते, त्यातले काय पेशीला बिघडवते? आणि ते नुसते म्हणून न थांबता सिद्ध कसे करायचे? आज या प्रश्नांची उत्तरे डीएनएचा बिघाड आणि त्याची दुरुस्ती या भाषेत दिली जातात. बाईंनी सुरुवात केली तेव्हा ही भाषाच जन्माला यायची होती. म्हणून या पुस्तकात दोन गोष्टी बरोबरीने चालतात. एक परळच्या प्रयोगशाळेची, दुसरी पेशीतल्या दुरुस्तीखात्याची.

परळविषयीचे पुस्तक दहिसरला बसून का लिहिले, असे कोणी विचारेल. दहिसर हे पश्चिम रेल्वेवरचे मुंबईचे शेवटचे स्टेशन. मिरा रोड लागले की महापालिका बदलते आणि जिल्हाही बदलतो. गिरणगावातल्या चाळी सोडून जी कुटुंबे उत्तरेकडे सरकत गेली, त्यांतली कितीतरी इथे उतरली. १९८२ च्या गिरणी संपानंतर तर परळ-लालबागची माणसे दहिसर, नालासोपारा, विरारपर्यंत पांगली. गिरणीत कापूस पेटेल म्हणून खात्यात विडी ओढायला बंदी असे. मग तंबाखूची चिमूट चुन्यात मळून गालात. ही सवय घेऊनच माणसे इकडे आली. आणि ज्यांनी परळ कायमचे सोडले, त्यांच्यापैकी काहींना परळ पुन्हा गाठावे लागते ते ‘टाटा’साठी, म्हणजे टाटा मेमोरियल रुग्णालयासाठी. सकाळच्या धीम्या लोकलचा अपंगांचा डबा पाहा. कर्करोगाच्या रुग्णांनाही त्यात बसायची मुभा आहे. मांडीवर जाडजूड फाईल, एक्स-रेचा मोठा लिफाफा, नाकात नळी घातलेला माणूस, शेजारी पिशवी सांभाळत बसलेली बायको. प्रभादेवीला उतरून पूल ओलांडला की परळ. ‘टाटाला जातोय’ म्हटले की आमच्याकडे पुढचे कोणी विचारत नाही.

विचारायला हवे, असे मला वाटते. त्या फाईलीत जे लिहिलेले असते, त्याच्या मागे सत्तर-ऐंशी वर्षांचे शास्त्र आहे आणि त्यातला मोठा भाग याच शहरात घडला.

आधी दुरुस्तीखाते समजून घेऊ. आपल्या पेशीतल्या डीएनएच्या एका संचात सुमारे ३०० कोटी अक्षरजोड्या असतात. अक्षरे चारच, पण त्यांच्या क्रमात सगळा कारभार. हा धागा फार टिकाऊ असावा, असे शास्त्रज्ञ बराच काळ धरून चालले होते. स्वीडनचे टॉमस लिंडाल यांनी दाखवून दिले की तो मुळीच टिकाऊ नाही. काहीही वाईट न खाता-पिता, शरीरातल्या नेहमीच्या उष्णतेने आणि पाण्यानेच, प्रत्येक पेशीतली हजारो अक्षरे रोज गळतात किंवा बदलतात. ऊन, धूर, तंबाखू यांची भर वेगळी. इतकी पडझड होत असताना माणूस ऐंशी वर्षे जगतोच कसा? अर्थात कोणीतरी सतत दुरुस्ती करत असले पाहिजे, हा लिंडाल यांचा तर्क. त्यांनी ती दुरुस्ती करणारी प्रथिने शोधून काढली. उन्हाने एकमेकांना चिकटलेली अक्षरे कापून काढून तिथे नवी कशी बसवली जातात, हे अझीझ सँकार यांनी उलगडले. डीएनएची नक्कल होताना पडलेली चुकीची जोडी कशी हुडकली जाते, हे पॉल मॉड्रिच यांनी. तिघांना मिळून २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

मुंबईकराला हे समजायला रविवारचा मेगाब्लॉक पुरे. रूळ तपासल्याशिवाय, तडा गेलेला तुकडा बदलल्याशिवाय गाडी सोडायची नाही, मग फलाटावरची गर्दी कितीही ओरडो. पेशीही दुभंगण्याआधी अशीच थांबते. हा ब्लॉक जाहीर करणाऱ्यांत पी-५३ नावाचे प्रथिन मुख्य. दुरुस्ती झाली तर पेशी पुढे सरकते. बिघाड हाताबाहेरचा असेल तर पी-५३ त्या पेशीला मरायला लावते. माणसाच्या जवळजवळ निम्म्या कर्करोगांत हे प्रथिनच बिघडलेले आढळते. ब्लॉक जाहीर करणाराच गेला, की मोडक्या रुळांवरून गाड्या सुटतात आणि प्रत्येक फेरीत नवी मोडतोड होते.

आणखी एका प्रथिनाची हकीकत इथेच सांगायला हवी, कारण पुढे मशेरीच्या प्रकरणात ती लागणार आहे. तंबाखूत नायट्रोसामाइन्स नावाची द्रव्ये असतात. शरीरात त्यांचे रूपांतर झाले की ती डीएनएतल्या ‘जी’ या अक्षराला एक छोटासा मिथिल गट चिकटवू शकतात. मग नक्कल होताना त्याच्यासमोर ‘सी’ यायचे तिथे ‘टी’ येऊन बसते. एमजीएमटी हे प्रथिन तो गट उचलून स्वतःच्या अंगावर घेते आणि त्याच क्षणी कायमचे निकामी होते. एका प्रथिनाकडून एकच दुरुस्ती. पुढच्या दुरुस्तीसाठी पेशीला नवा नग घडवावा लागतो. दिवसभर गालात गोळी ठेवणाऱ्याच्या पेशींवर हा हिशेब कसा चढत जात असेल, ते वाचकानेच मांडून पाहावे.

आता परळ. टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले आणि तिथल्या प्रयोगशाळा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आल्या. खानोलकर विकृतिशास्त्रज्ञ, म्हणजे गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून निदान करणारे. पण तुकडा पाहून ते थांबत नसत. तो ज्याच्या अंगातून आला त्याचा गाव कोणता, तो खातो काय, ओढतो काय, नेसतो काय, याची चौकशी करत. १९४५ साली त्यांनी सूर्याबाई यांच्याबरोबर एक लेख प्रसिद्ध केला. त्यात भारतीय सवयींतून होणारे तीन कर्करोग वर्णिले होते. कमरेला धोतर आवळून आवळून तिथल्या कातडीवर होणारा एक. खालच्या ओठाच्या मागे चुना-तंबाखूची खैनी धरून ठेवल्याने तिथेच होणारा दुसरा. आणि आंध्रच्या किनाऱ्याकडे चुट्टा पेटते टोक तोंडात धरून ओढतात, त्याने टाळूला होणारा तिसरा. पुढे मुंबईतल्याच डॉक्टरांनी परकराच्या नाडीने कमरेला होणाऱ्या कर्करोगाचीही नोंद केली.

हा लेख मला फार मोठा वाटतो. त्या वेळी डीएनएची रचनाही ठाऊक नव्हती. वॉटसन आणि क्रिक यांना ती गवसली १९५३ मध्ये. तरी खानोलकरांनी नेमके बोट ठेवले. जिथे घासते, भाजते, चुन्याने सोलवटते, तिथली पेशी पुन्हा पुन्हा दुभंगते. जितकी जास्त दुभंगेल तितक्या नकलेतल्या चुका वाढतात. आज हे वाक्य आपण सहज लिहितो. त्यांच्याजवळ होता फक्त सूक्ष्मदर्शक आणि रुग्णाशी बोलण्याची सवय.

याच खानोलकरांच्या हाताखाली कमल रणदिवे आल्या. त्या पुण्याच्या, माहेरच्या समर्थ, जन्म १९१७. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे, अशी त्यांची इच्छा होती. मुलीने दोन्ही केले नाही. हुजूरपागेतून फर्ग्युसनला जाऊन तिने वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतले आणि १९३९ साली गणितज्ञ ज. त्रिं. रणदिवे यांच्याशी लग्न केले. १९४३ मध्ये पुण्याच्या शेतकी कॉलेजातून एम.एस्सी. झाली. प्रबंधाचा विषय होता सीताफळ-रामफळाच्या कुळातल्या झाडांची गुणसूत्रे. कर्करोगाशी त्याचा संबंध काय, असे वाटेल. पण गुणसूत्र मोजायची, ते तुटले आहे की वाकले आहे हे ओळखायची नजर तिथे तयार झाली, आणि आयुष्यभर त्यांना लागणार होती ती हीच.

मुंबईत येऊन त्या टाटा मेमोरियलमध्ये काम करू लागल्या आणि खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पीएच.डी. झाल्या. इथे येतात उंदीर. उंदरांच्या चार जाती घ्यायच्या. काहींत स्तनाचा कर्करोग हमखास होतो, काहींत क्वचित. रोग व्हायच्या आधीच, धडधाकट असतानाच, त्यांच्या स्तनग्रंथींची बांधणी कशी वेगळी दिसते हे तपासायचे. म्हणजे रोग झाल्यावर गाठ पाहायची नाही; जमीन कशी होती ते पाहायचे. हा प्रश्नाचा रोख मला विशेष वाटतो. त्या काळी अमेरिकेत जॉन बिटनर यांनी दाखवले होते की रोगप्रवण जातीची पिले जन्मताच दुसऱ्या जातीच्या आईकडे दुधाला लावली तर रोग पुष्कळ कमी होतो. दुधातून काहीतरी जात होते. पुढे तो विषाणू निघाला. रणदिवेबाईंनी आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू या तिघांची सांगड कशी बसते, यावर वर्षानुवर्षे काम केले. परळला उंदरांचा स्वतःचा एक वाणही तयार झाला. तो इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर या तिथल्या संस्थेच्याच नावाने, आयसीआरसी म्हणून ओळखला जातो.

त्यानंतर खानोलकरांच्या आग्रहाने त्या शिष्यवृत्तीवर बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्समधल्या जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. जगातली पहिली अमर मानवी पेशीमालिका ‘हेला’ याच प्रयोगशाळेत १९५१ मध्ये वाढली. हेन्रिएटा लॅक्स नावाच्या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतून त्या पेशी तिला न विचारता घेतल्या होत्या. त्या अन्यायाबद्दल स्वतंत्र प्रकरण आहे, इथे विस्तार करत नाही. बाई तिथे शिकल्या ते पेशी शरीराबाहेर जगवायचे तंत्र. परत येऊन त्यांनी मुंबईत, इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये, ऊतीसंवर्धनाची भारतातली पहिली प्रयोगशाळा उभी केली. हे सेंटर १९५२ सालचे, त्याचेही पहिले संचालक खानोलकरच.

‘प्रयोगशाळा उभी केली’ हे तीन शब्द लिहायला सोपे जातात. पेशी काचेत वाढवायच्या तर त्यांना क्षार, साखर, अमिनो आम्ले आणि प्राण्याच्या रक्तातला द्रव यांचे नेमके मिश्रण लागते. एक जंतू शिरला की आठवड्याचे काम गेले. आज हे मिश्रण बाटलीत विकत मिळते. त्या वेळी ते परदेशातून मागवावे लागे, आणि परकीय चलनाची तंगी. बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पोषकद्रव्ये आणि रसायने इथेच बनवली. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतले हे सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत उपयोगी काम. बक्षीस याला मिळत नाही. १९६४ साली भारतीय वैद्यक परिषदेचा रौप्यमहोत्सवी पुरस्कार मिळाला, सुवर्णपदक आणि १५,००० रुपये. त्याच वर्षी वाटुमल प्रतिष्ठानचाही.

१९६६ ते १९७० या काळात त्या सेंटरच्या प्रभारी संचालक होत्या. कर्कजनन, पेशीजीवशास्त्र आणि प्रतिकारशास्त्र असे तीन विभाग त्यांनी उभे केले. कुष्ठरोगाच्या जिवाणूवरचे कामही त्यांच्या नावावर आहे. १९५८ साली बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरुग्णाच्या शरीरातून एक जिवाणू वेगळा करून वाढवला आणि त्यावरून पुढे लस तयार झाली. तो विषय मोठा आहे आणि या पुस्तकाच्या कक्षेबाहेरचा आहे.

कक्षेतला आहे तो तंबाखू आणि सुपारीचा. १९७६ मध्ये बाई आणि गोठोसकर प्रभृती सहकाऱ्यांनी सुपारी आणि तंबाखूवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. प्रयोगाला हॅमस्टर हा प्राणी घेतला होता, कारण त्याच्या गालात दाणे साठवायची पिशवी असते. माणूस पान गालात ठेवतो तसा अर्क त्या पिशवीत लावता येतो. सुपारी म्हणजे देवापुढे ठेवायची, पाहुण्याला द्यायची वस्तू. तिच्यावर संशय घ्यायलाही त्या काळात धाडस लागत होते. खाद्यतेलातल्या भेसळीवरही त्यांनी काम केले. मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याचे तेल मिसळतात, तसल्या भेसळीने पेशीवर काय होते, हा प्रश्न. धोतर, चुट्टा, सुपारी, तेल, हे विषय कोणा परदेशी नियतकालिकाने सुचवलेले नव्हते. ते परळच्या बाह्यरुग्ण विभागातल्या रांगेतून आले.

रांगेतून आलेला आणखी एक विषय मशेरीचा. ही गोष्ट दहिसरच्या रावळपाड्यात किंवा केतकीपाड्यात नव्याने सांगावी लागणार नाही. तंबाखूची पाने तापल्या तव्यावर टाकायची, ती काळी पडून चुरचुरीत होईपर्यंत परतायची, घरभर ठसका उठतो, मग गार करून चुरायची आणि डबीत भरायची. सकाळी बोटाने दातांना, हिरड्यांना. ‘दात घासते’ म्हणतात, पण दिवसातून चार-पाचदा दात कोणी घासत नाही. विडी ओढणाऱ्या बाईला नावे ठेवणारे घर मशेरीला काही म्हणत नाही, कारण ते व्यसन समजलेच जात नाही. डॉ. सुमती भिडे यांनी परळच्या संस्थेत या काळ्या पुडीची तपासणी केली. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मशेरी प्राण्यांत कर्करोग निर्माण करते, हे प्रयोगाने दाखवले. भाजल्याने तंबाखूचा दोष जळून जातो, ही समजूत आजही ऐकू येते. भाजल्याने उलट धुरातली घातक द्रव्येही त्यात उतरतात.

डॉ. रजनी भिसे यांनी विषय आणखी पुढे नेला. जो तंबाखू खातो त्याचे ठीक, पण जो तो नुसता हाताळतो त्याचे काय? निपाणीचे नाव आपल्याला सीमाप्रश्नाने आणि १९८१ च्या तंबाखू आंदोलनाने ठाऊक. विडीच्या तंबाखूची कुटाई-चाळणी करणारा कामगार दिवसभर त्या धुळीत असतो. भिसे आणि सहकाऱ्यांनी अशा कामगारांच्या पेशी तपासल्या. रीत साधी आहे. गालाच्या आतली बाजू लाकडी पट्टीने हलकेच खरवडायची, काचपट्टीवर पसरायची, रंगवायची. निरोगी पेशीत मधोमध एकच केंद्रक दिसते. ज्या पेशीतले गुणसूत्र तुटून त्याचा तुकडा मागे राहिला, तिच्यात मोठ्या केंद्रकाशेजारी एक टिंब दिसते. त्याला सूक्ष्मकेंद्रक म्हणतात. दुरुस्तीखात्याला जी मोडतोड सावरता आली नाही, तिची ही पावती. शेकडो पेशी पाहून टिंबे मोजायची. तंबाखूवर काम करणाऱ्यांत ती जास्त निघाली. रक्तातल्या पांढऱ्या पेशींतही गुणसूत्रांची मोडतोड जास्त निघाली.

लघवीचीही तपासणी झाली आणि तीत ब्रूस एम्स यांची युक्ती वापरली होती. हिस्टिडिन नावाचे अमिनो आम्ल स्वतः बनवता न येणारे जिवाणू घ्यायचे. ते हिस्टिडिन नसलेल्या बशीत उगवत नाहीत. त्यांच्या डीएनएत योग्य जागी बदल झाला तरच उगवतात. आता बशीत संशयित पदार्थ घालायचा. जितके जास्त ठिपके उगवतील, तितका तो पदार्थ डीएनए बदलणारा. तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांच्या लघवीने ठिपके वाढले. म्हणजे सकाळी हिरडीला लावलेली पूड संध्याकाळपर्यंत सगळ्या शरीरातून फिरून बाहेर पडते आणि बाहेर पडतानाही डीएनए बदलायची ताकद राखून असते. माझ्या ओळखीच्या ज्या ज्या बाईला हे सांगितले, तिने डबी लगेच टाकली असे नाही. पण प्रत्येकीने ‘लघवीतून?’ असे मात्र विचारले.

याच शहरात ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. टाटा मेमोरियलही १९६२ पासून अणुऊर्जा विभागाकडेच आहे. ट्रॉम्बेला डॉ. श्रीकुमार आपटे, डॉ. हरी मिश्रा यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी डायनोकोकस या जिवाणूचा अभ्यास केला. पाच ग्रे इतका किरणोत्सर्ग सगळ्या अंगावर पडला तर माणूस उपचाराविना बहुधा जगत नाही. हा जिवाणू ५,००० ग्रे सोसतो. त्याच्या गुणसूत्रांचे शेकडो तुकडे होतात आणि काही तासांत तो ते पुन्हा जसेच्या तसे जोडतो. परळला किरणांनी गाठीतल्या पेशींचा डीएनए मुद्दाम तोडून त्यांना मारतात. ट्रॉम्बेला तोडलेला डीएनए जोडणारा जीव बशीत वाढवतात. मुंबईवर लिहिणाऱ्यांना ही जोडी अजून दिसलेली नाही, याचे मला नवल वाटते.

दुरुस्तीखात्याचे ज्ञान रुग्णाच्या कामी आले त्याचे उत्तम उदाहरण बीआरसीए जनुकांचे. मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये दाखवले की काही घराण्यांत लहान वयात होणाऱ्या स्तनाच्या कर्करोगाचे मूळ १७व्या गुणसूत्रावर आहे. तिथले जनुक १९९४ मध्ये हाती लागले. ते निघाले डीएनएचे दोन्ही धागे एकदम तुटले असता ते बिनचूक जोडणाऱ्या यंत्रणेतले. आई किंवा वडील, कोणाकडूनही सदोष प्रत येऊ शकते. मग औषधशास्त्रज्ञांनी उलटा विचार केला. गाठीतल्या पेशीकडे दुरुस्तीचा हा मार्ग नाहीच. तिचे जगणे दुसऱ्या मार्गावर अवलंबून आहे. तो दुसरा मार्ग औषधाने बंद केला तर निरोगी पेशी पहिल्या मार्गाने तरेल, गाठीची मरेल. या जातीचे ओलापारिब हे औषध २०१४ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. आता ते आपल्याकडेही वापरतात.

रणदिवेबाईंच्या चार जातींच्या उंदरांत या जनुकांची चाहूल होती, असे लिहिण्याचा मोह होतो. तसे लिहू नये. उंदरांच्या रोगात विषाणूचा भाग मोठा होता, माणसांत तसा तो सापडलेला नाही. पण रोगाआधीची जमीन तपासायची, हा त्यांचा हट्ट आजच्या आनुवंशिक तपासणीच्या दालनापर्यंत सरळ येतो, एवढे म्हणता येईल. परळची संशोधन संस्था पुढे खारघरला गेली आणि तिथल्या एका इमारतीचे नाव खानोलकर शोधिका आहे.

निवृत्तीकडे झुकल्यावर बाई प्रयोगशाळेबाहेर पडल्या. १९७३ मध्ये काही सहकारी शास्त्रज्ञ स्त्रियांबरोबर त्यांनी इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशन स्थापन केली. वाशीला तिचे केंद्र आहे. अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी केली, गावातल्या बायकांना आरोग्याचे शिक्षण दिले. २००१ साली त्या गेल्या.

आता एक कडवट गोष्ट. या सगळ्या संशोधनाचा मला अभिमान आहे, पण त्याची एक तारीख मला स्वस्थ बसू देत नाही. तोंडात धरलेल्या तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो, हे खानोलकरांनी १९४५ साली लिहिले. महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली २०१२ साली. मध्ये ६७ वर्षे गेली. या काळात डीएनएची रचना समजली, दुरुस्तीची प्रथिने सापडली, माणसाचा जनुकसंच वाचून झाला. बंदीसाठी यातल्या कशाचीही गरज नव्हती. आणि बंदी आली तरी पुडी मिळतेच. कुठे मिळते, हे दहिसर चेकनाक्याच्या आसपासचे शाळकरी पोरही सांगेल. शास्त्रज्ञांनी त्यांचे काम केले होते. कमी पडलो ते आपण, ज्यांनी ते वाचले नाही, आणि ते, ज्यांनी वाचून फाईलीत ठेवले.

म्हणून हे पुस्तक मराठीत आणि शक्य तितके सोपे लिहिले आहे. दुरुस्तीच्या यंत्रणांवरचे प्रकरण काहींना जड जाईल. ते पहिल्या वाचनात सोडले तरी चालेल, पुढचे अडत नाही. बीआरसीएचे प्रकरण मात्र सोडू नका. घरात आईला, मावशीला किंवा आत्याला पन्नाशीच्या आत स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल, तर आनुवंशिक सल्ल्यासाठी डॉक्टरांना विचारा, आणि मुलग्यांनीही विचारा. तोंडातली जखम किंवा पांढरा चट्टा दोन-तीन आठवड्यांत बरा झाला नाही, तर दाखवायला उशीर करू नका. आणि घरात कोणी मशेरी लावणारी असेल, तर ते प्रकरण तिला मोठ्याने वाचून दाखवा. तिला वाचता येत असले, तरी दाखवा.